ओलावा, थंडी आणि चेंबर : शिकारीच्या अर्धस्वयंचलित रायफलींच्या विश्वासार्हतेची पार्श्वभूमी

शिकारीसाठी बनवलेल्या अर्धस्वयंचलित रायफली, म्हणजे गोळी झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफली, अमेरिकेच्या बाजारात विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात आल्या. विंचेस्टरच्या १९०५, १९०७ आणि १९१० या मॉडेलांमध्ये बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, जागेवर अडकवणारी रचनाच नव्हती. निव्वळ स्वतःच्या वजनामुळे तो क्षणभर थोपून राहत असे. १९०६ मध्ये आलेल्या आणि पुढे ‘मॉडेल ८’ म्हणून ओळखल्या गेलेल्या रेमिंग्टनमध्ये नळी आणि बोल्ट एकत्रच मागे सरकत. ओल्या-थंड हवेत रायफल का अडकते, हा आजचा वाद मात्र या रायफलींबद्दल नसून नळीतील गॅसचा काही भाग वापरून चालणाऱ्या रायफलींबद्दल आहे, आणि त्याची सुरुवात १९५५ च्या रेमिंग्टन ७४० पासून व विशेषतः १९६० ते १९८० या काळात बनलेल्या ७४२ पासून होते.

थंडीचे परिणाम तुलनेने सरळ आहेत. जाड वंगण गोठून बोल्टची गती मंदावते, फायरिंग पिनचा आघात कमकुवत होतो, आणि काडतुसातील दारूचा दाब कमी भरल्याने बोल्ट पूर्ण मागे जात नाही. कोरियातील १९५० च्या हिवाळी लढायांत हलक्या कार्बाइन मंदावल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या, तर अधिक दमदार काडतूस वापरणारी अमेरिकी सैन्याची गॅरंड रायफल त्यामानाने टिकली. तेल जवळजवळ पूर्ण पुसून काढावे, हा उत्तरेकडील शिकाऱ्यांचा जुना उपाय त्या अनुभवाने पक्का झाला. पण नुसत्या थंडीपेक्षा थंडी आणि ओलावा यांची जोडी जास्त घातक असते. बाहेर गारठलेली रायफल शेकोटीच्या खोलीत आणली की तिच्या आतबाहेर दव साचते. तीच रायफल पहाटे पुन्हा बाहेर नेली की त्या दवाचा बर्फ होतो, आणि ती तशीच कोपऱ्यात राहिली तर गंज चढतो.

७४२ ची अडकणारी रायफल म्हणून झालेली बदनामी समजून घ्यायची असेल तर या गंजाकडे पाहावे लागते, आणि माझ्या मते आजवरच्या चर्चेत त्याला पुरेसे महत्त्व मिळालेले नाही. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूने सहज काढता येत नाही, त्यामुळे नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतींपर्यंत ब्रश नीट पोहोचत नाही. पावसाळी हंगामानंतर बहुसंख्य मालक नळीतून एक कापड फिरवून समाधान मानत. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. काही वर्षांत तेथे बारीक खड्डे पडत, गोळी सुटताना फुगलेली पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) त्या खड्ड्यांत घट्ट बसे, आणि बोल्ट तिला ओढून काढण्याऐवजी तिच्या कडेवरून निसटे किंवा कडाच तोडे. शिकारी सांगे की रायफल थंडीत अडकली. प्रत्यक्षात ती मागच्या कित्येक हंगामांच्या ओलाव्यामुळे अडकलेली असे.

याचा एक पुरावा त्याच कंपनीच्या ७६० या हाताने सरकवण्याच्या रायफलीत मिळतो. १९५२ पासून बनलेल्या या रायफलीची घडण ७४२ शी बरीच मिळतीजुळती होती आणि तिच्याही चेंबरला संरक्षक मुलामा नव्हता; तरी तिला तसे दुर्नाम चिकटले नाही, कारण चिकटलेली पुंगळी शिकारी हाताच्या जोराने ओढून काढू शके. पेनसिल्व्हेनियात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल निषिद्ध असल्याने तेथे हीच रायफल विशेष लोकप्रिय झाली. ७४२ मध्ये बोल्ट जागेवर अडकवणाऱ्या अनेक छोट्या दातांमुळे आतील पट्ट्यांवर खाचा पडणे हा दुसरा, खराखुरा दोष होता, हे मान्य करायला हवे. १९८१ च्या ७४०० मध्ये दातांची संख्या चारवर आणून तो कमी करण्यात आला. चेंबरची सफाई मात्र पूर्वीइतकीच अवघड राहिली.

क्रोमचा मुलामा का दिला नाही, हा यातील सर्वांत वादग्रस्त निर्णय. दमट हवेतील गंजावर हा उपाय ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही, कारण दुसऱ्या महायुद्धातील जपानी टाइप ९९ रायफलींच्या नळीला तो दिलेला होता. खर्च वाढेल आणि असमान थरामुळे नेम बिघडेल, अशी दोन कारणे पुढे केली जात. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैन्याच्या एम १६ रायफलीच्या बाबतीत याच निर्णयाची किंमत सैनिकांनी मोजली. १९६४ मध्ये दारूचा प्रकार बदलला गेला, सफाईचे साहित्य पुरेसे दिले गेले नाही, दमट हवेत चेंबर खराब झाले आणि पुंगळ्या आत अडकू लागल्या. १९६७ च्या अमेरिकी संसदीय चौकशीच्या सुमारास झालेल्या सुधारणांत चेंबरला क्रोम चढवले गेले. ज्या रायफलीवर माणसाचा जीव अवलंबून होता तिच्यात हा बदल झाला; शिकारीच्या रायफलीत जखमी होऊन पळणाऱ्या जनावराच्या यातना पणाला लागतात, आणि त्यासाठी तेवढी तत्परता दिसली नाही, ही बाब मला अक्षम्य वाटते.

युरोपात ही निकड आणखी ठळक आहे. १९७९ च्या वन्यजीव करारात दोनपेक्षा अधिक काडतुसे मावणारे मॅगझिन असलेली अर्धस्वयंचलित शस्त्रे निषिद्ध साधनांच्या यादीत गेली. हाती मोजक्याच गोळ्या असताना पहिल्या गोळीनंतर पुंगळी अडकली, तर दुसरी गोळी झटकन झाडता येण्याचा जो एकमेव फायदा, तोच हातचा जातो. जर्मनीतील एचके (हेकलर अँड कोख) कंपनीच्या ७७० आणि ९४० या रायफलींनी चेंबरच्या भिंतीत उभ्या खाचा ठेवून वेगळा मार्ग काढला : त्या खाचांतून शिरणारा गॅस पुंगळीला भिंतीपासून सोडवतो, मात्र पुंगळीवर काळे पट्टे उमटतात. सोव्हिएत संघात कझाकस्तानच्या गवताळ मैदानांवरील सायगा कुरंगांच्या शिकारीसाठी १९७० च्या दशकात कलाश्निकोवच्या धर्तीवर जी रायफल तयार झाली, तिला त्या घराण्याची सैल जुळणी लाभली आणि पुढच्या आवृत्त्यांत क्रोमचा मुलामाही मिळाला. नेमाच्या काटेकोरपणात ती मागे राहिली, हे तिचे टीकाकार बरोबरच सांगतात.

१९६७ च्या बेल्जियन बनावटीच्या ब्राउनिंग बीएआरने सात दातांचा फिरता बोल्ट वापरून मजबुतीचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. अलीकडे गॅसचे प्रमाण आपोआप जुळवणारे पिस्टन आणि स्टेनलेस नळ्या मिळतात, आणि कोरड्या वंगणांमुळे गोठण्याची तक्रारही कमी झाली आहे. जुन्या ७४२ मात्र दहा लाखांहून अधिक बनल्या होत्या आणि त्यांतील पुष्कळशा आजही दर हिवाळ्यात वापरात निघतात. त्यांतील एखादी अडकू लागली की बहुतेकदा आधी तेल बदलले जाते, मग काडतुसांचा ब्रँड बदलला जातो, आणि चेंबर सर्वांत शेवटी तपासला जातो.