जुन्या लष्करी ट्रकसाठी टायर निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कळंबोलीच्या दुकानात जुन्या लष्करी गाड्यांचे मालक नियमित येतात. कोणाकडे लिलावात घेतलेला शक्तिमान ट्रक असतो, कोणाकडे निस्सान वन-टन किंवा जोंगा, तर काहींनी दुसऱ्या महायुद्धातील जीएमसी, डॉज किंवा विलिस मोठ्या कष्टाने जपलेली असते. बहुतेकांचा फोन एकाच वाक्याने सुरू होतो : ‘सध्याच्या टायरवर अमुक साइज आहे, तीच हवी, किती पडतील?’ त्यावर आम्ही लगेच भाव सांगत नाही आणि आधी डिस्कचे (म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या लोखंडी चाकाचे) फोटो मागतो, हे अनेकांना वेळकाढूपणाचे वाटते. हे पत्रक त्यासाठीच लिहिले आहे.

लष्करातून निघालेली गाडी आपल्या हाती येण्यापूर्वी बहुधा एखाद्या खाणीवर, वीटभट्टीवर किंवा लाकडाच्या वाहतुकीवर राबलेली असते, आणि त्या काळात जो टायर बाजारात स्वस्त मिळाला तो तिच्यावर चढवला गेलेला असतो. त्यामुळे आज चाकावर दिसणारी साइज ही मधल्या कोण्या मालकाने केलेली सोय असू शकते. अडीच टनी जीएमसी ट्रकचेच पाहा. त्याची मूळ साइज ७.५०-२० (पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत), पण आपल्याकडे लॉरीचे ८.२५-२० आणि ९.००-२० सहज मिळत असल्याने तेच त्याच्यावर बसवलेले आढळतात. तिन्ही टायर वीस इंची असल्यामुळे डिस्कवर चढतात आणि हवाही धरतात, म्हणून सगळे ठीक आहे असा समज होतो. मात्र ७.५०-२० ला सहा इंच रुंदीची रिम लागते, ८.२५-२० ला साडेसहा आणि ९.००-२० ला सात. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या जातात, माथा फुगीर होऊन मधूनच झिजतो, फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांमधली रबरी पट्टी) नीट बसत नाही आणि मागच्या जोडचाकांमधली जागा इतकी कमी होते की भार पडल्यावर दोन टायर एकमेकांना घासू लागतात. शिवाय ७.५०-२० आणि ९.००-२० यांच्या उंचीत सुमारे नऊ सेंटिमीटरचा फरक असल्यामुळे स्टिअरिंग जड होते आणि गाडीची ओढ कमी होते.

म्हणून माप टायरवरून न घेता डिस्कवरून घ्यावे. टायर जागी धरणारी लोखंडी रिंग बसते त्या खाचेजवळ किंवा वाल्व्हच्या छिद्राशेजारी रिमचे माप ठोकलेले असते. रंगाच्या थरांखाली ते दिसत नाही. तारेच्या ब्रशने रंग व गंज काढून त्यावर खडू आडवा घासला, की खोलगट अंक उठून दिसतात. त्याचा जवळून घेतलेला फोटो, संपूर्ण चाकाचा समोरून एक फोटो आणि डॅशबोर्डवर मूळ माहितीची पाटी शिल्लक असल्यास तिचा फोटो, एवढे पाठवले की आम्ही खात्रीने भाव सांगू शकतो. सांगितलेल्या साइजवर माल मागवून तो परत पाठवण्यात आपले आणि आमचे दिवस फुकट जातात, आणि एकदा चढवून उतरवलेला टायर नवा म्हणून विकणे आम्हाला पटत नाही.

‘पुढचे दोनच द्या’ ही मागणीही आम्ही सहसा मान्य करत नाही. या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत, दोन्हीकडच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. पुढची ओढ (फोर-व्हील ड्राइव्ह) लावली की पुढचा व मागचा अ‍ॅक्सल एकाच गतीने फिरावे लागतात. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असतील, तर लहान घेराच्या चाकांना जास्त फेरे घ्यायचे असतात आणि ते मिळत नाहीत. मातीत चाक थोडे घसरून हा ताण सुटतो. डांबरी रस्त्यावर तो गिअर व जॉइंटमध्ये साठत जातो, आणि पुढच्या ओढीचा दांडा अडकून बाहेर येत नाही. ही तक्रार घेऊन गाडी गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी सगळ्या टायरचा घेर टेपने मोजून पाहावा. जोडचाकांत ८.२५ पर्यंतच्या टायरच्या उंचीत सहा मिलीमीटरपेक्षा आणि ९.०० व त्यावरील टायरमध्ये बारा मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असू नये. थोडा फरक असलाच तर लहान टायर आतल्या बाजूला बसवावा. पूर्ण संच एकदम घेणे परवडत नसेल, तर आम्ही आपले जुने टायर मोजून त्यांच्या योग्य जोड्या लावून देतो.

विलिस आणि तिच्या कुटुंबातील जीपच्या मालकांसाठी एक वेगळी सूचना आहे. ६.००-१६ ही साइज ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचीही असल्यामुळे ती कोणत्याही तालुक्याच्या गावात स्वस्त मिळते, आणि जीपच्या रिमवर बसतेही. अशा टायरवर ए६ किंवा ए८ अशी खूण असते, म्हणजे वेगमर्यादा ताशी तीस किंवा चाळीस किलोमीटर. तो टायर लावून शीव-पनवेल महामार्गावर जाऊ नये.

नायलॉन (म्हणजे तिरक्या थरांचे जुन्या पद्धतीचे टायर) की रेडियल, यावर आमचे मत स्पष्ट आहे. या गाड्यांच्या रिम, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन तिरक्या थरांचे टायर धरून बनवलेले आहेत, आणि गाडी वर्षातून काहीशे किलोमीटरच चालणार असेल तर रेडियलचा फायदा मिळत नाही. रेडियलच हवे असतील तर ट्यूब आणि फ्लॅपही रेडियलचेच घ्यावेत आणि एका अ‍ॅक्सलवर दोन प्रकार कधीही मिसळू नयेत. वीस इंची डिस्कवर साडेबावीस इंची ट्यूबलेस टायर बसत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

मूळच्या चौकोनी ठोकळ्यांच्या, दोन्ही दिशांना सारख्या नक्षीच्या टायरचा आग्रह आम्ही समजू शकतो; त्याशिवाय या गाडीचा चेहरा पूर्ण होत नाही. तथापि ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी असते, त्यामुळे जुलैत ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडी काढणाऱ्याला आम्ही साधी लॉरीची नक्षीच सुचवतो. परदेशी टायर स्वतः मागवू पाहणाऱ्यांनी आयएसआय चिन्हाची अट आणि जून २०२० मध्ये आयातीवर आलेले परवान्याचे बंधन आधी तपासावे.

टायर कोठूनही घ्या, पण साइडवॉलवरील चार अंकी तारीख पाहूनच घ्या : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे आणि नक्षी कितीही खोल असली तरी तो रस्त्यासाठी घेऊ नये.

रिंगेची डिस्क घरी किंवा रस्त्यालगत खोलू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. आधी वाल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, मगच रिंगेला टामी (उचकटायची पहार) लावायची. दोन भाग बोल्टने जोडलेल्या लष्करी रिमचे नट हवा भरलेली असताना सैल केले तर रिम उडून जीव जाऊ शकतो. आमच्याकडे असे प्रत्येक चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरली जाते, म्हणून बाहेरच्या पंक्चरवाल्यापेक्षा आमची मजुरी थोडी जास्त आहे आणि त्यात आम्ही सवलत देत नाही. गंजून वाकलेली रिंग आम्ही पुन्हा बसवत नाही. पर्यायी रिंग मिळवून देण्याची जबाबदारी घेतो.

हिवाळ्यातील रॅलीसाठी टायर हवे असतील तर डिस्कचे फोटो गणपतीपूर्वी पाठवावेत, कारण कमी खपाच्या साइज कंपनीकडून येण्यास वेळ लागतो. ठाणे आणि नवी मुंबईत गाडी जागची हलत नसेल, तर आमचा माणूस येऊन डिस्क तपासतो. त्याचे शुल्क टायर घेतल्यास बिलातून वजा होते.