गाठीचा गालिचा, गोंदाचा गालिचा

या दोन्ही गालिच्यांवर ‘हँडमेड’ अशीच चिठ्ठी, दोन्हींची लव (वरचे उभे तंतू) लोकरीची, दोन्हींना झालर. म्हणून दोन्हींवर सरसकट एकच इलाज होतो: उसवलं की फेव्हिकॉल, मळलं की गच्चीवर पाइप. फेव्हिकॉल दोन्हींना चालत नाही आणि पाइप एकाला तर मुळीच नाही.

सतरंजीचा प्रश्न इथे नाही. तिला लव नसते, ती सगळ्यांना ओळखू येते. घोळ होतो तो हँड-नॉटेड आणि हँड-टफ्टेड या दोघांत. फरक एवढाच, की लव कशाने धरली आहे?

नॉटेडमध्ये गाठीने. लोकरीची प्रत्येक गाठ बहुधा दोन उभ्या धाग्यांभोवती बसते, ओळ झाली की आडवा धागा घालून पंजाने, म्हणजे दातेरी फणीने, ठोकतात. काश्मीर, उत्तर प्रदेशातलं भदोही इथले असे गालिचे प्रसिद्ध आहेत. आपल्या येरवडा तुरुंगातही एकेकाळी विणले जात. टफ्टेडमध्ये गाठच नसते. ताणलेल्या कापडातून बंदुकीसारख्या अवजाराने लोकर नुसती आरपार टोचतात, मागून लेटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, थर देतात आणि त्यावर अस्तर चिकटवतात. हातानेच केलेला, हे खरं. विणलेला मात्र नाही.

ओळखायला गालिचा उलटा करा. मागे अस्तर असेल तर बहुतेक वेळा टफ्टेड. समोरचं नक्षीकाम मागेही गाठीगाठीने दिसत असेल तर नॉटेड. झालरीवर एकट्या विसंबू नका, पण तिचं मूळ जरूर पाहा. नॉटेडची झालर म्हणजे त्याच उभ्या धाग्यांची टोकं, टफ्टेडची झालर मागाहून शिवलेली शोभा. टफ्टेडची तुटली तर कापून टाका, काही बिघडत नाही. नॉटेडची झिजली की शेवटचा आडवा धागा सुटतो, पाठोपाठ गाठी घसरतात आणि गालिचा दर महिन्याला थोडा आखूड होतो.

तेव्हा नॉटेडची कड आधी बांधा. सुटलेले आडवे धागे आणि लोंबणाऱ्या गाठी काढत अखंड, सरळ ओळीपर्यंत या. मजबूत सुती दोऱ्याला मेण लावा, सुई बोथट टोकाची घ्या. कडेपासून साधारण 5 मिलिमीटर आत, दोन-तीन आडवे धागे ओलांडून सुई घाला आणि झालरीच्या दर दोन-तीन धाग्यांमागे एक काजाचा टाका घ्या. सैल राहिला तर धागा निसटतो, फार ओढला तर कडेला चुण्या पडतात. नायलॉनचा दोरा नको, तो जुन्या सुताला कापतो. गोंद तर अजिबात नको: तो कडक होतो, घडीवर तडकतो, आणि पुढे रफूगाराची सुईही आत जात नाही. मोठं भोक असेल तर खालून सुती कापड टाके घालून थोपवा आणि रफूगाराकडे न्या. उभे धागे नव्याने ताणणं घरचं काम नाही.

टफ्टेडला उलट गोंदच लागतो, पण लवचीक, रबरी लेटेक्स. सोफ्याचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा; पांढरा फेव्हिकॉल नको. लव गेली असेल तिथलं अस्तर उचला, भुगा झालेलं जुनं लेटेक्स खरवडा, मागून सुईने लोकर ओवा आणि पुढे तीन-चार मिलिमीटर जास्त सोडा. मागे पातळ थर द्या, 24 तास वाळू द्या (आषाढ-श्रावणात दुप्पट), मग अस्तर चिकटवून वरची लव कात्रीने समतल करा. उचकलेला धागा कधीही ओढू नका, कापा. खाली पांढरी पूड सतत सांडत असेल तर सगळं लेटेक्सच मेलं आहे. अशा गालिच्यावर एका कोपऱ्याची मेहनत वाया जाते.

धुण्याचंही तसंच. टफ्टेड भिजवला की थर सुटतो आणि अस्तराला कुबट वास धरतो, म्हणून फक्त ओल्या फडक्याने पुसा. नॉटेड धुता येतो, पण आधी ओलं पांढरं फडकं प्रत्येक रंगावर घासून पाहा. रंग उतरला तर थांबा.

आणि दुरुस्तीसाठी तुळशीबागेत ‘लोकर’ म्हणून हातात येणारी लडी बऱ्याचदा अ‍ॅक्रेलिक असते. एक धागा चिमट्यात धरून जाळा: खरी लोकर जळक्या केसांचा वास देते आणि तिची राख बोटांत चुरली जाते, अ‍ॅक्रेलिक वितळून त्याचा टणक मणी होतो.