क्लब बदलला, हॅमस्ट्रिंग तीच

२०१४ साली इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पहिला हंगाम झाला, तेव्हा एफसी पुणे सिटीकडे फ्रान्सचा विश्वविजेता दाविद त्रेझेगे होता, युरो २००४ जिंकलेल्या ग्रीसचा कात्सुरानिस होता. बालेवाडीला सामना बघायला जाणाऱ्यांच्या तोंडी हीच नावं असायची. उजव्या विंगवरच्या जर्मेन पेनंटकडे त्या मानाने कमी लोकांचं लक्ष गेलं. पण विंगरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने पळत हल्ला चढवणाऱ्याच्या, शरीराचं आणि पोटापाण्याचं गणित समजून घ्यायचं असेल, तर त्या संघातली सगळ्यांत बोलकी कारकीर्द त्याचीच होती.

पेनंट मूळचा नॉटिंगहॅमचा. १९९९ मध्ये आर्सेनलने या जेमतेम सोळा वर्षांच्या पोराला नॉट्स काउंटीकडून घेतलं, तेही २० लाख पौंड मोजून. मे २००३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीच्या अकरात उतरला आणि साउदॅम्प्टनविरुद्ध थेट हॅटट्रिक मारली. तरी आर्सेनलमध्ये बस्तान बसलं नाही. वॉटफर्ड आणि लीड्सकडे लोनवर, म्हणजे उसना, मग बर्मिंगहॅम, मग लिव्हरपूल. २३ मे २००७ ला अथेन्समध्ये एसी मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना तो उजव्या विंगवरून खेळला. त्यानंतर पोर्ट्समथ, स्पेनमधलं सारागोसा, स्टोक, वुल्व्हज, आणि एकतिसाव्या वर्षी पुणे. पुण्यानंतरही विगन, सिंगापूरचं टॅम्पिनीस रोव्हर्स, बरी असा प्रवास चालूच राहिला.

अशी यादी वाचली की ‘कुठे टिकलाच नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निवाडा फार घाईचा वाटतो. विंगर कुठे का टिकत नाही, याचं निम्मं उत्तर मांडीच्या मागच्या स्नायूंत असतं आणि निम्मं कराराच्या मुदतीत. आणि ही दोन्ही एकमेकांना बिघडवतात.

आधी मांडीकडे येऊ. व्यावसायिक सामन्यात एक खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. त्यातलं बहुतेक चालणं आणि हलकं धावणं असतं. ताशी २५ किलोमीटरच्या वरची, म्हणजे खरीखुरी स्प्रिंट, या सगळ्यात काहीशे मीटरच भरते आणि तिचा मोठा वाटा कडेने खेळणाऱ्यांच्या, म्हणजे विंगर आणि फुलबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या), वाट्याला येतो. या धावेला इंधन लागतं ते स्नायूंत साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटचं. हा साठा काही सेकंदांत उतरतो. अर्धा भरून यायला सुमारे अर्धं मिनिट जातं, पुरता भरायला काही मिनिटं. लागोपाठ दोनदा लाइनवरून सुसाट गेलेला विंगर तिसऱ्या वेळी चेंडू मागत नाही, नुसता चालत राहतो. ‘अरे पळ की!’ म्हणून स्टँडमधून ओरडा होतो. त्या वेळी तो आळस करत नसतो, त्याच्या स्नायूंत साठा भरत असतो.

वेगाबद्दलही एक गैरसमज आहे. वेगवान माणूस हवेत पाय जास्त भराभर हलवतो, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतले संशोधक पीटर वेयांड आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं ते वेगळंच. कमाल वेगात मागचा पाय उचलून पुढे आणायला संथ आणि वेगवान धावणाऱ्यांना जवळपास सारखाच वेळ लागत होता. फरक होता तो जमिनीवर किती जोर दिला याचा. पूर्ण वेगात पाऊल जमिनीला टेकलेलं असतं जेमतेम एक दशांश सेकंद, आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर खाली लावावा लागतो.

आता ते पाऊल टेकण्याच्या अगदी आधीचा क्षण घ्या. मांडी पुढे आलेली आहे, गुडघा उलगडतोय, नडगी पुढे भिरकावली जातेय. ही नडगी वेळेत आवरली नाही तर पाऊल भलतंच पुढे पडेल. ती आवरण्याचं काम हॅमस्ट्रिंगचं. बसताना आपण ज्या हाडावर टेकतो तिथून निघून गुडघ्याखाली पोचणारा हा तीन स्नायूंचा गट खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. या क्षणी खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ होत चाललेला, म्हणजे स्नायू दोन्ही टोकांनी ताणला जात असतो आणि तशाच अवस्थेत त्याला पूर्ण जोराने आत खेचायचंही असतं. सिंहगड चढताना धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात त्या गड उतरल्यामुळे, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत वजन पेलत असतात. स्नायूंचं हे सगळ्यांत महागडं काम. विंगर तेच काम मांडीच्या मागच्या बाजूने, क्षणार्धात, प्रत्येक पावलाला करतो. यात बहुतेक वेळा फाटतो तो बाहेरच्या अंगाच्या बायसेप्स फिमोरिस या स्नायूचा लांब भाग. धावता धावता खेळाडू एकदम थांबतो, हात मांडीच्या मागे जातो, आणि बाकावरच्या फिजिओला जवळ जाऊन बघायच्या आधीच काय झालं ते कळलेलं असतं.

युरोपातल्या बड्या क्लबांतल्या दुखापतींची नोंद स्वीडनचे डॉक्टर यान एक्स्ट्रांड यांच्या नेतृत्वाखाली २००१ पासून ठेवली जाते. २००१-०२ च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेलं. दोन दशकांत फिजिओ वाढले, यंत्रं वाढली, आणि दुखापतीचा वाटा दुप्पट झाला. सामने वाढले आणि खेळाचा वेग वाढला, हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. याच नोंदींत आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त अस्वस्थ करतो. यातल्या १८ टक्के दुखापती आधीच्याच जागी पुन्हा झालेल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त दुखापती खेळाडू मैदानावर परतल्यापासून दोन महिन्यांच्या आत झाल्या होत्या. हॅमस्ट्रिंग पुन्हा दगा देईल का, याचा सगळ्यांत भरवशाचा अंदाज ती आधी कधी दुखावली होती का, यावरूनच बांधता येतो.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. आखूड तंतूंचं हॅमस्ट्रिंग लवकर फाटतं असं दिसलं आहे, आणि लांबत लांबत जोर लावण्याच्या व्यायामाने तंतूंची लांबी वाढवता येते. त्यातला सगळ्यांत गाजलेला नॉर्डिक व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, मागून जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि कंबरेत न मोडता छाती सावकाश पुढे नेत राहायची. सुरुवातीला अर्ध्या वाटेवरच धपकन हातांवर यायला होतं. डेन्मार्कमध्ये ५० संघांतल्या ९४२ फुटबॉलपटूंवर याची चाचणी झाली, २०११ मध्ये तिचे निष्कर्ष आले. व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे ७० टक्क्यांनी कमी होत्या. पुढे बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज झाली तेव्हा हा फायदा निम्म्याच्या आसपास भरला. पैसा लागत नाही, जिम लागत नाही. तरीही आपल्याकडच्या कित्येक मैदानांवर सराव म्हणजे दोन फेऱ्या आणि लगेच सामना.

या उपायाला एक अट मात्र आहे, सातत्याची. व्यायाम सोडला की वाढलेली लांबी काही आठवड्यांतच ओसरू लागते. तसंच पूर्ण वेगाच्या धावेचं. दर आठवड्याला थोडी थोडी मिळत राहिली तर मांडी ती सोसते. महिनाभर खंड पडून एकदम भरपूर आली, तर धोका वाढतो.

इथे करार आडवा येतो. युरोपीय न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या बोस्मन निकालाने युरोपातल्या खेळाडूंना मुदत संपल्यावर फुकट दुसरीकडे जाण्याची मोकळीक दिली. ती न्यायाची गोष्ट होती. पण नामवंत सोडले तर बाकीच्यांच्या वाट्याला त्या मोकळिकीबरोबर अस्थिरताही आली. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात करारांची सरासरी मुदत दोन वर्षांहूनही कमी निघाली, आणि ४१ टक्के खेळाडूंना आधीच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता.

अशा खेळाडूचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात करार संपतो. एजंट फोनवर ‘बघतोय’ म्हणतो. खेळाडू एकटाच पळत राहतो, फार तर एखाद्या मित्राबरोबर. नॉर्डिकसाठी घोटे धरायला कुणी नाही, अंगावर येणारा डिफेंडर नाही, आणि पूर्ण वेगाने धावण्याचं कारणही नाही. मग अचानक बोलावणं येतं. नवा देश, नवा कोच, आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःला सिद्ध करायचं. विंगर स्वतःला कशाने सिद्ध करणार? वेगानेच. जी मांडी पूर्ण वेगापासून सहा आठवडे लांब होती, तिच्याकडून तो पहिल्या दिवशी सगळं मागतो. आणि डावी मांडी दोनदा दुखावली होती हे ज्याला पाठ होतं, तो फिजिओ जुन्या क्लबमध्येच राहिलेला असतो.

आयएसएलचा तो पहिला हंगाम आठवा. साखळीतले १४ सामने साधारण दोन महिन्यांत, देशभर विमानाने फिरत. जोरदार सामन्यानंतर स्नायू पूर्ववत व्हायला तीन दिवस किंवा जास्त लागतात, इथे चौथ्या-पाचव्या दिवशी पुढचा सामना उभा. हंगाम संपला की पुन्हा नव्याने जुळवाजुळव. भारतीय खेळाडूंचंही काही वेगळं नव्हतं. मणिपूरचा चपळ विंगर जॅकीचंद सिंग याला २०१५ च्या लिलावात पुण्याने ४५ लाखांना घेतलं. पुढच्याच हंगामात तो मुंबई सिटीकडून खेळत होता.

त्यात वय कुणासाठी थांबत नाही. धावण्याचा कमाल वेग विशीत असतो, आणि तिशीकडे जाताना तो थोडाथोडा उतरतो. थोडा म्हणजे किती, याचा हिशेब करून बघा. फुलबॅकबरोबर २० मीटरची शर्यत लागली आणि विंगर आधीपेक्षा फक्त ३ टक्क्यांनी संथ झालेला असला, तर फुलबॅकला २० मीटर कापायला लागतात तेवढ्या वेळात तो आधीपेक्षा ६० सेंटिमीटर मागे पडतो. दोन फूट. आधी तो खांद्याने पुढे असायचा, आता डिफेंडरचा खांदा पुढे. सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला, हे दोन फूट जागा ओळखून भरून काढता येतात. विंगरचं तर सगळं दुकानच त्या दोन फुटांवर.

तरी काही विंगर चाळिशीपर्यंत खेळले, आणि एक तर पन्नाशीपर्यंत. इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज १९६५ च्या फेब्रुवारीत, पन्नाशी पूर्ण झाल्यावर पाच दिवसांनी, स्टोककडून शेवटचा लीग सामना खेळला. त्याचं मुख्य हत्यार हुलकावणी होतं. शरीर आत झुकवायचं, डिफेंडर तिकडे वळला की बाहेरून निघायचं. ही हातचलाखी का चालते याचं उत्तर मेंदूत आहे. डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायला माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. पहिल्या इशाऱ्यावर मेंदूचं काम चालू असतानाच दुसरा इशारा आला, तर त्याला मिळणारा प्रतिसाद नेहमीपेक्षा लांबतो, कारण पहिला निर्णय उरकेपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागतं. मानसशास्त्रज्ञ टेलफर्ड यांनी १९३१ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून हुलकावणी आणि खरी चाल यांतलं अंतर इतकंच हवं की डिफेंडर फसेल पण सावरणार नाही. फार लवकर वळलात तर त्याने हुलकावणी वाचलेलीच नसते, उशीर केलात तर तो परत उभा राहिलेला असतो. हे टायमिंग मांडीच्या वेगाइतकं लवकर म्हातारं होत नाही. हजारो डिफेंडरांसमोर उभं राहून ते घोटवलेलं असतं, आणि क्लब बदलला तरी ते सोबत येतं.

सोबत येत नाही ती नोंद. कुणी किती वेळा पूर्ण वेगाने धावला, कोणत्या महिन्यात कुठली मांडी खेचली, हे सगळं क्लबच्या संगणकात राहतं. ही माहिती खेळाडूला मागून घेता यावी म्हणून २०२२ मध्ये फिफा आणि फिफप्रोने खेळाडूंच्या डेटा-हक्कांची सनद काढली, ते पाऊल मला फार मोलाचं वाटतं. पुण्याला तर ते अधिकच लागू आहे. इथला डीएसके शिवाजियन्स हा क्लब गेला, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला. इथल्या गुणी विंगरला पोटासाठी गोवा, कोलकाता, बंगळुरू गाठावंच लागणार. त्याच्याबरोबर एक साधी वही द्यायचं काम इथला कोच आजही करू शकतो. त्या वहीत तारीख, कोणती मांडी, किती आठवडे बाहेर, आणि परतल्यावर पहिली पूर्ण वेगाची धाव कधी, एवढं लिहिलं तरी पुरे. एक रकाना मात्र चुकवू नये. दुखापत धावताना झाली की पाय उंच ताणून किक मारताना? धावताना झालेली दुखापत सुरुवातीला जास्त भयंकर वाटते, पण बहुधा लवकर बरी होते. ताणून झालेली पहिल्या आठवड्यात किरकोळ भासते आणि भरायला कित्येक महिने घेऊ शकते. नव्या गावातला फिजिओ त्या पोराला शनिवारच्या सामन्यात उतरवायचं की नाही, हे या रकान्यावरून ठरवू शकतो.