८२ एचपीची स्विफ्ट, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि चोर्ल्याचा चढ

गळिताच्या दिवसांत संकेश्वरच्या रस्त्याला उभं राहावं. ४५ एचपीचा ट्रॅक्टर उसानं तुडुंब भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत हिरण्यकेशी कारखान्याकडं निघालेला दिसतो. आमच्या भाच्याच्या दारातली पेट्रोल स्विफ्ट ८२ एचपीची. त्यामुळं त्याचा हिशेब सरळ होता: "मामा, ट्रॅक्टरच्या जवळजवळ दुप्पट ताकद आहे गाडीत, वर मायलेज. हजार किलोची कॅरॅव्हॅन, म्हणजे ते चाकांवरचं घर, मागं जोडून गोव्याला जायला काय हरकत आहे?"

घोळ 'ताकद' या शब्दात आहे. पिकअप, दम, ताकद सगळं आपण एकाच पोत्यात भरतो. कंपनीच्या कागदावर मात्र आकडे दोन असतात, टॉर्क आणि पॉवर.

टॉर्क म्हणजे पीळ. मीटरभर लांब पान्ह्याच्या टोकावर दहा किलोचा जोर दिला, की नटावर जवळजवळ १०० न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. नट गंजलेला असेल आणि हलला नाही, तरी टॉर्क लागलेलाच असतो. पॉवरला तसं चालत नाही. तिथं काम किती वेगानं झालं ते मोजतात. टॉर्कला इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि ७०२४ नं भागायचं, की पीएसमधली पॉवर मिळते. (पीएस म्हणा, एचपी म्हणा, फरक दीड टक्क्याचा.)

आता स्विफ्टशेजारी बोलेरो उभी करू. पॉवरमध्ये स्विफ्ट पुढं, ८२ विरुद्ध ७६. पण स्विफ्टचे ८२ येतात ५७०० फेऱ्यांना, आणि तिचा सगळ्यात जास्त टॉर्क ११२, तोही ४३०० फेऱ्यांना. बोलेरोचं डिझेल इंजिन २१० टॉर्क १६०० ते २२०० फेऱ्यांतच देतं. म्हणजे २००० फेऱ्यांना बोलेरोकडं ६० पीएस तयार असतात. स्विफ्टला तिथं पूर्ण ११२ टॉर्क मिळतो असं धरलं तरी ३२ च होतात, आणि तेवढा तिथं मिळत नाही.

मग टॉर्क हेच सगळं का? तसं सांगणारेही अर्धंच सांगतात. टॉर्क गिअरनं वाढवता येतो. ट्रॅक्टर तेच करतो: खालच्या गिअरमध्ये चाकावरचा पीळ कितीतरी पट होतो आणि वेग माणसाच्या चालीवर येतो. पॉवर मात्र कुठलाही गिअर वाढवून देत नाही. ४५ एचपीत ऊस कारखान्यात पोचतो, कारण ट्रॅक्टरला घाई नसते.

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटाचा हिशेब करून बघा. गाडी, माणसं आणि कॅरॅव्हॅन मिळून अडीच टन धरू, चढ सहा टक्के. नुसता चढच दीडशे किलोच्या जोरानं मागं ओढतो. टायर आणि वारा धरून १९०. ताशी ४० किलोमीटरनं चढायचं तर चाकावर २८ पीएस लागतात, इंजिनातून ३२ ते ३५. बोलेरो हे २००० फेऱ्यांत निवांत देते. स्विफ्टही चढेल, नाही असं नाही, पण खालच्या गिअरमध्ये, ३५००-४००० फेऱ्यांवर ओरडत.

मायलेज तिथंच जातं. स्विफ्टचा २४ च्या वरचा आकडा मोकळ्या गाडीचा आहे, मागं काही न जोडता काढलेला. फेऱ्या वाढल्या की इंजिनाच्या आतल्या घर्षणातच बरंच इंधन जिरतं. शिवाय लिटरमागं डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त. हायवेवर वाऱ्याची भर. वेग ४० चा ८० झाला की वारा चौपट अडवतो, आणि कॅरॅव्हॅन म्हणजे चालती भिंतच. निपाणीकडं जाताना सत्तरच्या आत राहिलात तर गाडी कुठलीही असो, पैसे वाचतात.

आणखी एक गोष्ट आहे, जी दोन्ही आकड्यांत दिसत नाही. कॅरॅव्हॅनचा दांडा गाडीच्या शेपटीवर वजन टाकतो. बोलेरोची मागची चाकं ओढतात, त्यांना ते वजन फायद्याचं. स्विफ्टची पुढची चाकं ओढतात, त्यांचा भार उलट हलका होतो. पावसात, चढावर, थांबून परत निघताना ती जागेवरच फिरतील आणि क्लच जळेल तो वेगळा.

इंग्लंडात नवख्यांना एक अंदाज सांगतात: कॅरॅव्हॅन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावी. स्विफ्ट सव्वानऊशे किलोच्या आसपास, म्हणजे मर्यादा ७८० ची. हजार किलो तिथंच बाद. त्याआधी पुस्तिकेत कंपनीनं ओढायचं वजन दिलंय का ते बघायचं. दिलं नसेल तर हूकच लावायचा नाही. ट्रेलरची नोंदणीही वेगळी करावी लागते.

भाच्याला वाटत होतं परीक्षा गोव्याला जाताना. पण बेळगाव वर आहे. जांबोटी, कणकुंबी ओलांडून पुढं उतार लागतो, तेव्हा ना टॉर्क कामाचा ना पॉवर. मागचा टन गाडीला ढकलत असतो. तिथं लहान गिअर आणि कॅरॅव्हॅनचे स्वतःचे ब्रेक लागतात. चढ लागतो तो केरीपासून परतताना, सुट्टी संपल्यावर.

हे ऐकून तो गप्प बसला. आता सातशे किलोची कॅरॅव्हॅन शोधतोय, आणि मधूनच बोलेरोवाल्या मित्राला फोन लावतोय.