गोंदणाखाली नाडी सापडेना

खान्देशात साठी ओलांडलेल्या बाईचा हात पाहा. मनगटापासून वर हिरवट-निळं गोंदण असतं: ठिपके, तुळस, कधी नाव. हल्ली पुण्याला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत घरी आला की याच हातावर स्मार्टवॉच बांधतो आणि घड्याळ नाडीच दाखवत नाही. "हाई घडी बिघडनी का?" आईचा प्रश्न रास्त आहे, पण बिघाड घड्याळात नसतो.

घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषतं. हृदयाचा ठोका पडला की त्वचेतल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं आणि परतणारा प्रकाश किंचित घटतो. हाच चढउतार सेन्सर मोजतो. युक्ती काही आजची नाही, अमेरिकेत आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३७ मध्येच ती बोटांवर वापरली होती.

आता गोंदणाचं बघू. त्वचेचा वरचा थर काही आठवड्यांत झडून जातो, तिथली शाई टिकणार नाही. म्हणून सुई त्याखालच्या डर्मिसमध्ये शाई सोडते. तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की शाई मोकळी होते आणि दुसरी पेशी ती उचलते. उंदरांवरच्या प्रयोगांतून हे २०१८ मध्ये समोर आलं. माहेरी काढलेलं गोंदण नातवंडं होईपर्यंत टिकतं ते यामुळे.

घड्याळाला हवं असलेलं रक्तही त्याच डर्मिसमध्ये खेळतं. गोंदणातला काजळीचा कार्बन हिरवा प्रकाश मध्येच गिळतो, सेन्सरपर्यंत नाडीची खूण पोचतच नाही. गडद टॅटू काढलेल्या कॉलेजच्या पोरांचीही हीच गत. त्यात पाटल्यांनी घड्याळ खाली ढकललं, पट्टा सैल राहिला, की बाहेरचा उजेड आत शिरतो. तोरणमाळच्या थंडीत तर त्वचेतल्या वाहिन्या आकसतात, मग गोंदण नसलेला हातही घड्याळाला दाद देत नाही.

कोरं मनगट गृहीत धरून घड्याळ बनवणाऱ्यांनी आमच्या आज्या पाहिल्याच नसाव्यात! उपाय साधा: गोंदण नसलेला हात निवडायचा, पट्टा नीट बसवायचा. दोन्ही हात गोंदलेले असतील तर छातीवरचा पट्टा चालतो. तो हृदयाची वीज टिपतो, शाईशी त्याचं देणंघेणं नाही. पण झंपराखाली तो बांधून घ्यायला आई राजी होईल, असं मला वाटत नाही.