फेब्रुवारी-मार्चमधला गड: हवा, वेळा आणि पाठपिशवी

‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे गावातल्या अंगणापुरतं खरं आहे. घाटमाथ्यावर महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत थंडी पळत नाही, ती फक्त रात्रीपुरती उरते. पहाटे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईतून कानटोपी घालून निघालेला माणूस दुपारी एकला गडावरच्या तारामती शिखराच्या उघड्या चढावर पाण्यासाठी कासावीस होतो. आमच्या या दोन महिन्यांतल्या ट्रेकच्या वेळा आणि सामानाची यादी पावसाळ्यापेक्षा वेगळी असते ती यामुळेच.

अंदाज कसा वाचायचा

मोबाइलवर दिसणारं तापमान बहुधा जवळच्या गावाचं असतं, गडाचं नव्हे. दुपारी दर १०० मीटर उंचीला ०.६५ ते १ अंश वजा करा. हवा जितकी कोरडी, तितका आकडा एकाच्या जवळ. इगतपुरी सुमारे ६०० मीटरवर आहे, कळसूबाई १६४६ मीटर. इगतपुरीला ३३ अंश असेल तर शिखरावर २३ ते २६. पण हे सावलीतलं तापमान. उन्हात तापलेला काळा कातळ हाताला चटका देतो, त्याचा हिशेब यात नाही.

पहाटे हेच गणित उलटं होतं. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन झपाट्याने निवते. तिला लागून गार झालेली हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोऱ्यात साचते. म्हणून पायथ्याच्या गावात दात वाजत असतात आणि दोन-तीनशे मीटर वर माचीवर मात्र बरं वाटतं. ‘मुक्काम खाली गावात आहे, जाड पांघरूण कशाला’ हा आमच्याकडे येणाऱ्यांचा सगळ्यात नेहमीचा चुकीचा अंदाज. मुक्काम खोऱ्यात असेल तर पांघरूण जास्त घ्या.

हवामान विभाग कोकण-गोवा आणि मध्य महाराष्ट्र यांचे अंदाज वेगवेगळे देतो, आणि आपला घाटमाथा नेमका दोघांच्या सीमेवर येतो. हरिश्चंद्रगडाचा माथा अहिल्यानगर जिल्ह्यात, तर कोकणकड्याखालचं बेलपाडा ठाणे जिल्ह्यात. बेलपाड्यातून नळीच्या वाटेने चढायचं असेल तर दोन्ही अंदाज वाचायला हवेत.

वारा दिवसातून दिशा बदलतो

साधारणपणे रात्री आणि सकाळी वारा देशाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो आणि खिंडीतून जोराने कोकणात उतरतो. दुपारनंतर समुद्राकडचा वारा कड्यांवरून वर चढतो. संध्याकाळी पाचला तंबू लावणारा माणूस पश्चिमेच्या वाऱ्याकडे पाठ करून दार पूर्वेला ठेवतो. रात्री दोनला वारा थेट त्या दारातून आत शिरतो. तंबूची अरुंद बाजू पूर्वेकडे करा, दार उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा आणि चारही दोर ताणून बांधा. कड्याच्या धारेवर तंबू लावू देत नाही, कितीही छान फोटो मिळत असला तरी. खोलगट गवताळ जागाही टाळा. तिथे दव जास्त पडतं आणि सकाळी तंबू आतून ओला निघतो.

१० अंशाला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला साडेसहा अंशांसारखं वाटतं. त्यात घामाने भिजलेला सुती शर्ट असला की हुडहुडी भरायला वेळ लागत नाही. वर पोहोचल्यावर आधी कोरडा शर्ट घाला, मग चहा.

उन्हाचा हिशेब

कोकणातून चढणाऱ्या वाटांना या दिवसांत सर्वांत जास्त जपावं लागतं. पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला की समुद्राचा गार वारा किनाऱ्यावर उशिरा पोहोचतो आणि कोकण तापतं. फेब्रुवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबई-ठाणे-रायगडला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला गेला होता, म्हणजे ‘अजून हिवाळाच आहे’ हे गृहीत धरता येत नाही. या वाटांची एक जमेची बाजू आहे: त्या पश्चिमेच्या भिंतीवर असल्याने सकाळी सावलीत असतात. ती सावली असेपर्यंत अवघड टप्पा संपला पाहिजे. म्हणून आम्ही पहाटे साडेचारला बॅटरीच्या उजेडात निघतो, आणि १२ ते साडेतीन या वेळात उघड्या चढावर कुणालाच ठेवत नाही. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा उतरायला साडेतीनला निघालो तरी तीन तास उजेड मिळतो.

पाणी: एका दिवसाच्या ट्रेकला माणशी ४ लिटर, पायथ्यापासून भरून. गडावरच्या कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांवर विसंबू नका. उन्हात उघडी पडलेली टाकी आता शेवाळलेली असतात. कातळात आत कोरलेल्या खांबटाक्यांचं पाणी गार आणि बरं असतं, तरी गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून पूर्ण अर्धा तास थांबूनच प्या. नुसतं पाणी ढोसूनही पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामाबरोबर मीठ जातं. चारपैकी एका लिटरमध्ये ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण टाका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. अर्धी पुडी अंदाजाने अर्ध्या बाटलीत टाकू नका.

डोकं दुखणं, मळमळ, अंगात गोळे: सावली, विश्रांती, मीठ-साखरेचं पाणी. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला आणि अंग भाजत असेल तर तो उष्माघात समजा. मान, काखा, जांघा ओल्या करून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

वाळलेलं गवत

पावसात निसरडं असतं ते आता घसारा होतं: वाळलेल्या गवताखाली सुटा मुरूम. चढताना निभावतं, उतरताना पाय जातो. पावलं आडवी, लहान टाका आणि गवताला धरू नका, ते मुळासकट हातात येतं. कुसळांसाठी पूर्ण पँट हवीच.

वणवा चढावर वरच्या दिशेने झपाट्याने पळतो. तेव्हा धुराच्या वर चढत सुटू नका. बाजूला सरकून उघड्या कातळावर किंवा आधीच जळून विझलेल्या जागेवर या. आमच्या ट्रेकवर गडावर चूल आणि सिगरेट दोन्ही बंद आहे. धुराने आग्या मोहोळंही उठतात, आणि कपारींखाली ती या दिवसांत हमखास असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका.

ढग दिसले तर

फेब्रुवारीच्या शेवटापासून अवकाळी पाऊस, कधी गाराही येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. हे ढग बहुतेक दुपारनंतर वाढतात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उंच होऊन खालून काळा पडू लागला की उतरायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. धार, एकटं झाड, कळसूबाईवरच्यासारख्या लोखंडी शिड्या आणि उथळ कपारीचं तोंड सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. मोबाइलवर ‘दामिनी’ ॲप घेऊन ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ते विजेच्या इशाऱ्यासाठीच केलं आहे.

आदल्या संध्याकाळी सहाला आम्ही अंदाज शेवटचा पाहतो. गडाच्या जिल्ह्याला किंवा चढाईच्या जिल्ह्याला नारिंगी वा लाल इशारा असेल तर ट्रेक पुढे ढकलतो आणि पूर्ण पैसे पुढच्या तारखेला धरतो. पिवळ्या इशाऱ्याला वाट बदलू शकते; तसा निरोप रात्री आठपर्यंत येईल, फोन चालू ठेवा.