घरंगळणाऱ्या दंडगोलावर घर्षण किती?

उतारावर दंडगोल दिसला की घर्षणाच्या जागी ‘घर्षणांक × लंबबल’ (लंबबल म्हणजे उताराने दंडगोलावर लंब दिशेत दिलेलं बल) भरून मोकळं व्हायचं, ही सवय चुकीची. न घसरणाऱ्या दंडगोलात तो गुणाकार म्हणजे घर्षणाची फक्त कमाल मर्यादा.

३०° उतार, २ किलोचा भरीव दंडगोल, स्थितिक (न घसरतानाचा) घर्षणांक ०.४. कमाल घर्षण ६.८ न्यूटन. तेच भरलं तर केंद्राचं त्वरण १.५ येतं, पण त्रिज्या × कोनीय त्वरण ६.८! न घसरणाऱ्या दंडगोलात दोन्ही सारखेच हवेत.

घर्षण अज्ञात ठेवा आणि ही समानतेची अट लावा: घर्षण ३.२७ न्यूटन, त्वरणही ३.२७ मीटर प्रति सेकंद वर्ग (आकडा जुळला तो वस्तुमान २ किलो म्हणून). ३.२७ हे ६.८ पेक्षा कमी, म्हणजे न घसरण्याचं गृहीतक टिकलं. घर्षणांक सुमारे ०.१९ च्या खाली असेल तरच दंडगोल घसरतो. तेव्हा गतिक (घसरतानाचा) घर्षणांक घेऊन ‘घर्षणांक × लंबबल’ हे सूत्र वापरा.